जाहीर नसलेली जाहिरात

निवडणूक लागली की आमच्या तालुक्यात एक वाद हमखास रंगतो. बसस्थानकासमोरच्या पानठेल्यावर, महाविद्यालयांच्या शिक्षककक्षांत, बाजार समितीत सोयाबीनच्या लिलावाची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्यांच्या घोळक्यात तो ऐकू येतो. एका बाजूला वडीलधारी मंडळी असतात. मोबाईलने पोरांची मती फिरवली आहे, अर्ध्या मिनिटाची रील पाहून ती मत ठरवतात, तेव्हा राजकीय पक्षांना इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि फेसबुकवर जाहिराती करायला सरळ बंदी घाला, असे त्यांचे म्हणणे असते. दुसऱ्या बाजूला तरुण कार्यकर्ते असतात. ते म्हणतात, जग बदलले, मतदार जिथे आहे तिथे उमेदवाराने गेलेच पाहिजे, आणि आजचा तरुण जाहिरात पाहून मत देण्याइतका खुळा राहिलेला नाही. गेली दहा-बारा वर्षे मी हा वाद ऐकतो आहे. दोन्ही बाजूंचे लोक तरुणांच्या अकलेवर भांडतात आणि ज्या जाहिरातीवरून हे भांडण सुरू झाले, तिच्याकडे मात्र कोणी नीट पाहत नाही, असे मला दर वेळी वाटत आले आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. राजकीय पक्षांनी तरुणांपर्यंत मोबाईलवरून पोहोचण्यात काहीही गैर नाही आणि त्यावर बंदी घालणे चूक ठरेल. परंतु ‘जाहिरात’ हा शब्दच ‘जाहीर’ या शब्दापासून आला आहे. जी सर्वांना दिसते, जिच्याखाली बोलणाऱ्याचे नाव असते आणि जिला उत्तर देता येते, ती जाहिरात. आज पैसे मोजून तरुणांच्या फोनवर जे पोहोचवले जाते त्याला या तीनपैकी एकही कसोटी धड लागू होत नाही. ते शेजाऱ्याला दिसत नाही, ते कोणी पाठवले हे बहुधा कळत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याला त्याचा पत्ताच नसल्याने तो उत्तर देऊ शकत नाही. म्हणून मागणी बंदीची नव्हे, जाहीर करण्याची हवी: पैसे देऊन पसरवलेला प्रत्येक राजकीय मजकूर कोणी पाठवला, किती पैसे मोजले आणि तो कोणाकोणाला दाखवला, हे त्या मतदारसंघातल्या कुठल्याही माणसाला त्याच दिवशी पाहता आले पाहिजे.

हा विचार माझ्या मनात वर्गात पक्का झाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. माझे निम्मे विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात, कापूस-सोयाबीनच्या हंगामात त्यांतले बरेच जण सकाळी वावरात जाऊन मग वर्गात बसतात. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाच्या आधीच्या आठवड्यात मी बारावीच्या मुलामुलींना सांगितले, आज रात्री फोनवर प्रचाराचे जे जे दिसेल ते वहीत लिहून आणा. काहींची अठरा वर्षे पूर्ण झाली होती, बाकीचे वर्षभरात मतदार होणार होते. दुसऱ्या दिवशी आम्ही सारे फळ्यावर मांडले. ज्या मुलांच्या घरी शेती आहे त्यांना सोयाबीनच्या भावाची आश्वासने दिसली होती. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी दर मिळत होता, त्यामुळे सहा हजार, सात हजार हे प्रचारातले आकडे मुलांना तोंडपाठ होते. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या दोघांना सोयाबीनचे काहीच दिसले नव्हते. त्यांच्या फोनवर फक्त भरती, पेपरफुटी आणि कंत्राटी नोकऱ्या होत्या. मुलींच्या वह्यांत महिन्याच्या पैशांच्या योजना होत्या. एका गावच्या, एका बाकावर बसणाऱ्या दोघांच्या याद्यांत एकही गोष्ट सारखी नव्हती. त्यांतला एक फळ्याकडे पाहून म्हणाला, “सर, मले त हे दिसलंच नाई.” त्या वाक्यानंतर मला वडीलधाऱ्यांचा आणि कार्यकर्त्यांचा, दोघांचाही युक्तिवाद अपुरा वाटू लागला.

हे आपोआप घडत नाही. समाजमाध्यमावर पैसे भरताना जाहिरातदार वय, लिंग आणि भाग निवडू शकतो. त्याच्याकडे फोन नंबरांची यादी असेल तर ती कंपनीच्या यंत्रणेत चढवता येते. यंत्रणा त्या नंबरांची खाती शोधून नेमक्या त्याच माणसांना जाहिरात दाखवते आणि त्यांच्याशी मिळतीजुळती आणखी माणसेही हुडकून देते. एका जाहिरातीची दहा रूपे करून सोडायची, ज्या रूपावर अंगठा थबकतो ते ठेवायचे आणि बाकीची काढून टाकायची, हा तर रोजचा व्यवहार आहे. नंबर कुठून येतात? रोजगार मेळाव्याच्या नोंदणी अर्जातून, नेत्याच्या नावाच्या चषकासाठी भरवलेल्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेच्या प्रवेशिकेतून, रक्तदान आणि आरोग्य शिबिरांच्या रजिस्टरमधून, अभ्यासिकेच्या सवलतीच्या अर्जातून. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. नोकरीच्या आशेने जिथे फॉर्म दिसेल तिथे नाव आणि नंबर लिहून देणारी ही पिढी आहे. तिच्या नंबरांच्या याद्या गोळा करणे अवघड नाही आणि त्या याद्यांचे पुढे काय होते हे तिला कोणी सांगत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू. पहिली गोष्ट, नव्या माध्यमाने प्रचार स्वस्त केला. पूर्वी अपक्ष उमेदवाराला किंवा लहान पक्षाच्या कार्यकर्त्याला वर्तमानपत्रात जागा मिळवणे पैशाशिवाय शक्य नसे, आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना जाहिरातीच काय, बातम्याही विकत मिळत. २००९ च्या निवडणुकांनंतर ‘पेड न्यूज’चा प्रश्न महाराष्ट्रातूनच देशभर गाजला, हे जुन्या माध्यमांच्या आठवणीत रमणाऱ्यांनी विसरू नये. दुसरी गोष्ट, गडचिरोलीच्या दुर्गम भागात, मेळघाटात, आमच्या जिल्ह्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, मोठ्या नेत्याची सभा पूर्वीही होत नसे आणि आजही होत नाही. तिथल्या तरुणाला उमेदवाराचा चेहरा आणि आवाज फोनमुळे पहिल्यांदा कळतो. मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांवर विदर्भाचा प्रश्न कापसाच्या भावापुरता आणि आत्महत्यांच्या आकड्यापुरता येतो. वऱ्हाडी बोलीत आपल्या रस्त्याचा, आपल्या कालव्याचा प्रश्न मांडणारा मुलगा यूट्यूबवरच भेटतो. हे सारे बंदीने जाईल आणि ज्यांच्याकडे वर्तमानपत्रे, वाहिन्या आणि गाड्यांचे ताफे आहेत त्यांचेच उरेल.

तरुणांना अक्कल नाही हा युक्तिवाद तर मला मुळातच अमान्य आहे. १९८८ मध्ये ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले, तेव्हाही हीच शंका घेतली गेली होती. त्याआधी, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, सुमारे १७ कोटी मतदारांचा हा देश निम्म्याहून अधिक निरक्षर, नव्हे, पाचांतील चार निरक्षर असताना मतदानाला निघाला, तेव्हा जगातल्या शहाण्यांनी मान हलवली होती. परंतु त्या वेळी आपल्या प्रजासत्ताकाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. वाचता येत नाही म्हणून कोणाचा हक्क नाकारला नाही, आणि हक्क दिला आहे, आता त्याचे तो पाहून घेईल, असेही म्हटले नाही. प्रत्येक उमेदवाराला चिन्ह दिले, प्रत्येकाची मतपेटी वेगळी ठेवून तिच्यावर ते चिन्ह लावले, बोटाला शाई लावली. मतदारावर विश्वास ठेवला आणि त्याच्या समोरची वस्तू स्पष्ट दिसेल अशी सोयही केली. आजच्या वादात एक बाजू विश्वास काढून घेते आणि दुसरी सोय करायला तयार नाही. अठरा वर्षांची मुलगी स्वतःचे मत बनवू शकते, हे मी रोज वर्गात पाहतो. परंतु तिच्या समोर काय ठेवले आहे, कोणी ठेवले आहे आणि शेजारणीसमोर दुसरेच का ठेवले आहे, हेच तिला दिसू दिले नाही, तर तिच्या बुद्धीने काम कशावर करायचे?

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा याच्याही पुढचा आहे. ते म्हणतात, निवडक बोलणे काय आज सुरू झाले? एका मोहल्ल्यात एक आणि दुसऱ्या आळीत दुसरे, हे तर पहिल्या निवडणुकीपासून चालत आले आहे. समाजनिहाय बैठका होतात, बंद दाराआड शब्द दिले जातात, मतदानाच्या आदल्या रात्री जे घडते ते सर्वांना माहीत आहे. मग बिचाऱ्या फोनवरच राग का? हा प्रश्न मला बराच काळ निरुत्तर करत होता, कारण त्यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. पण गावातला निवडक प्रचार आणि फोनवरचा निवडक प्रचार यांत तीन गोष्टींचा फरक आहे आणि तो फरक फार मोठा आहे. गावात बोलायला येणारा कार्यकर्ता ओळखीचा असतो; उद्या आश्वासन फसले तर त्याच्या दारात जाता येते आणि म्हणून तोही तोंड सांभाळून बोलतो. दुसरे, गावातली गुप्त गोष्ट संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर पोहोचते. वरच्या आळीत काय कबूल केले ते खालच्या आळीला कळते, दोन्ही ताडून पाहिले जाते आणि दोन तोंडांनी बोलणारा उघडा पडतो. तिसरे, अशा बैठका घेणाऱ्याला माणसे, दिवस आणि पेट्रोल लागते, त्यामुळे तो किती वेगवेगळी तोंडे करू शकतो याला मर्यादा असते. फोनवर बोलणारा अनोळखी असतो, ऐकणारा एकटा असतो, आणि तोंडांना मर्यादा नसते.

आमच्या जिल्ह्यातलेच एक उदाहरण घेऊ. धनगर समाजाची अनुसूचित जमातींत समावेशाची मागणी आहे आणि गोंड, कोलाम, परधान या आदिवासी समाजांचा त्याला तीव्र विरोध आहे. दोन्ही बाजूंच्या भावना खऱ्या आहेत आणि या प्रश्नावर कुठल्याही पक्षाने चौकात उभे राहून काही बोलायचे म्हटले तरी त्याला शब्द तोलावे लागतात. समजा, एखाद्या उमेदवाराने दोन याद्या केल्या. एका यादीतल्या तरुणांना ‘तुमचा समावेश करून घेऊ’ असे सांगितले आणि दुसऱ्या यादीतल्या तरुणांना ‘तुमच्या आरक्षणाला कोणाला हात लावू देणार नाही’ असे सांगितले. दोन्ही वाक्ये एका मंडपात एका माणसाच्या तोंडून निघाली असती तर सभा तिथेच उधळली असती. दोन फोनांवर ती शेजारी-शेजारी राहू शकतात आणि महिनाभर कोणाला काही कळत नाही. निवडणूक संपल्यावर जेव्हा कळते, तेव्हा ते दोन तरुण उमेदवाराला जाब विचारत नाहीत, कारण त्याच्याविरुद्ध हाती पुरावा नसतो. ते एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. मला ज्याची काळजी वाटते ती ही आहे. मत कुठे गेले यापेक्षा गावात मागे काय राहिले याची.

विदर्भाला सार्वजनिक बोलण्याची एक थोर परंपरा आहे आणि ती नव्या माध्यमांच्या विरोधात कधीच नव्हती. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे वऱ्हाडी बोलीतले सवाल-जवाबच होते. बाबा विचारत, समोरचा जमाव उत्तर देई आणि ते उत्तर शेजाऱ्याच्या कानावर पडे. त्या कीर्तनाची ताकद बाबांच्या शब्दांइतकीच त्या सामूहिक उत्तरात होती. दारू सोडतो, कर्ज काढून लग्न करणार नाही, असे जो चारचौघांत कबूल करी त्याला ते चारचौघे ओळखत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेतली तेव्हा तेही त्यांच्या काळातले तरुणांचे माध्यम होते. त्यांच्या भजनांनी चिमूर परिसरातल्या तरुणांत जी ऊर्जा भरली, ती १६ ऑगस्ट १९४२ रोजी इंग्रजांविरुद्धच्या चिमूरच्या उठावात दिसली. त्याच महिन्यात इंग्रज सरकारने महाराजांना अटक केली. कोणाला अटक करायची हे सरकारला शोधावे लागले नाही, कारण गाणाऱ्याने स्वतःचे नाव लपवले नव्हते. ‘तुकड्या’, ‘तुकड्यादास’ अशी नाममुद्रा त्यांच्या भजनांच्या शेवटी असे. जे बोलायचे ते नावानिशी बोलायचे आणि त्याची किंमत मोजायची, हा आमच्या मातीतला प्रचाराचा मापदंड आहे. पूर्व विदर्भातली दंडार असो की भंडाऱ्याकडची खडी गंमत, या लोकनाट्यांत राजकारणावर बोलणारा शाहीर हजारांसमोर उभा राहूनच बोलला.

जाहिरातींनी निवडणुका जिंकता येत नाहीत, मग एवढी चिंता कशाला, असेही काही जण विचारतात आणि २००४ च्या ‘इंडिया शायनिंग’ मोहिमेचा दाखला देतात. देशभर झळकलेल्या त्या मोहिमेनंतर सत्ताधारी आघाडी हरली, हे खरे आहे. पण ती मोहीम हरली कशामुळे? ती सर्वांना दिसत होती म्हणून. कापसाचे चुकारे थकलेल्या शेतकऱ्याने तीच जाहिरात पाहिली जी शहरातल्या नोकरदाराने पाहिली, आणि चकाकी कुठे आहे हा प्रश्न त्याला विचारता आला. आज ती जाहिरात त्या शेतकऱ्याला दाखवलीच जाणार नाही. शिवाय सगळ्याच निवडणुका लाखांच्या फरकाने ठरत नाहीत. ग्रामपंचायतीत दोन उमेदवारांना समान मते पडून ईश्वरचिठ्ठीने निकाल लागल्याचे आपण प्रत्येक वेळी वाचतो. तिथे काही शे रुपयांत सगळ्या गावाच्या फोनवर पोहोचता येते आणि दहा मतदारांना ‘सगळे सारखेच चोर, जाऊच नका’ असे पटवून घरी बसवले तरी निकाल फिरतो.

कायद्याला हे सगळे नवीन नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ मध्ये १२७-क हे कलम घातले गेले. त्यानुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापावा लागतो, त्याची प्रत प्रशासनाकडे द्यावी लागते, आणि तसे न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तालुक्याच्या छापखान्यात पाचशे पत्रके छापणारा साधा मुद्रकही हे जाणतो. निवडणुकीच्या काळात तहसीलमधून त्याला नोटीस येते. २०२४ च्या एप्रिलमध्ये निवडणूक आयोगाने होर्डिंगवरही मुद्रक-प्रकाशकाचे नाव सक्तीचे केले. मग पाचशे पत्रकांना लागू असलेला नियम पाच लाख फोनांवर जाणाऱ्या चित्रफितीला त्याच कडकपणे का नसावा? आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ रोजी समाजमाध्यमांविषयी सूचना काढल्या. उमेदवाराने आपली खाती जाहीर करावीत, जाहिराती पूर्वप्रमाणित करून घ्याव्यात, खर्च हिशेबात दाखवावा, असे त्यात आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्या सूचनांचा रोख उमेदवार आणि पक्ष यांच्याकडे आहे. ‘आपला माणूस’, ‘युवा आवाज’ अशा छापाच्या निनावी पेजचे काय करायचे, हा प्रश्न तिथेच राहतो.

कंपन्या म्हणतात, आमच्याकडे जाहिरातींचा संग्रह आहे, पैसे कोणी भरले ते आम्ही दाखवतो. फेसबुकची मालक कंपनी २०१९ पासून भारतात असा संग्रह ठेवते आणि गूगलही ठेवते, ही चांगली गोष्ट आहे. मात्र फेसबुकच्या संग्रहात खर्च नेमका नसून अमुक ते अमुक अशा टप्प्यांत दिसतो आणि भाग राज्यापुरता कळतो. महाराष्ट्र एवढेच लिहिलेले असेल तर ती जाहिरात कोल्हापुरात दाखवली की आमच्या जिल्ह्यातल्या केळापुरात, हे मतदाराला कसे समजायचे? शिवाय जे कंपनीने आपणहून दिले ते कंपनी काढूनही घेऊ शकते. युरोपीय महासंघाने राजकीय जाहिरातींच्या पारदर्शकतेचा कायदा केला आणि तो ऑक्टोबर २०२५ पासून लागू होणार म्हटल्यावर या दोन्ही कंपन्यांनी तिथे राजकीय जाहिराती घेणेच थांबवले. त्यातून दोन धडे निघतात. एक, खरा कायदा असला की कंपन्यांना त्याची दखल घ्यावी लागते. दुसरा, कायदा करताना लहान उमेदवाराचा रस्ता बंद होणार नाही याचीही तजवीज करावी लागते, कारण मोठा पक्ष दुसरा रस्ता शोधतोच.

तो दुसरा रस्ता आमच्याकडे आधीच रुळला आहे. गावातल्या लोकप्रिय रीलवाल्या मुलाला पैसे द्यायचे. तो नेहमीच्या ढंगात, वावरात उभा राहून, उमेदवाराचे कौतुक करतो. कंपनीला पैसे गेलेले नसल्याने ती जाहिरात ठरत नाही, संग्रहात येत नाही, बहुधा हिशेबातही येत नाही. याच मुलाने एखाद्या फवारणी पंपाचे किंवा चेहऱ्याच्या क्रीमचे कौतुक पैसे घेऊन केले, तर जानेवारी २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्याला ‘ही जाहिरात आहे’ असे सांगणे भाग आहे, आणि दिशाभूल केली तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उमेदवार ही वस्तू किंवा सेवा नसल्याने ते बंधन इथे लागू होत नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. दरवर्षी मृगाच्या आधी चोर बीटीची, म्हणजे कापसाच्या बेकायदा बियाण्याची, पाकिटे गावोगाव फिरतात. पाकिटावर कंपनीचे खरे नाव नसते, लॉट नंबर नसतो, पक्के बिल मिळत नाही. कधी ते बियाणे उगवतेही, चांगले पीकही देते. पण उगवले नाही तर तक्रार कोणाविरुद्ध करायची? कृषी अधिकारी पहिली गोष्ट मागतो ती पावती. निनावी राजकीय मजकूर हे बिनपावतीचे बियाणे आहे, आणि आपण ते अठरा वर्षांच्या मुलांच्या ओंजळीत घालतो आहोत.

मतदानापूर्वीच्या ४८ तासांच्या शांततेचेही तसेच आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ व्या कलमाचा हेतू साधा आहे: भोंगे थांबावेत आणि मतदाराने शांतपणे विचार करावा. आता २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या जिल्ह्यात काय झाले ते पाहा. वणी आणि आर्णी हे विधानसभा मतदारसंघ चंद्रपूर लोकसभेत येतात, तिथे १९ एप्रिलला मतदान होते. यवतमाळ, राळेगाव, दिग्रस, पुसद हे यवतमाळ-वाशिममध्ये येतात, तिथे २६ एप्रिलला होते. आर्णीत शांतता लागू झाली त्या दिवशी शेजारच्या दिग्रसमध्ये प्रचार पूर्ण जोरात आणि पूर्णपणे कायदेशीर होता. रिक्षावरचा भोंगा तालुक्याच्या शिवेवर थांबवता येतो. दिग्रससाठी सोडलेली चित्रफीत आर्णीच्या मुलाच्या फोनवर यायची थांबत नाही. वाहिन्यांनी ही शांतता आधीच पोखरली होती, हे खरे. पण वाहिनीवरचे भाषण निदान सगळे ऐकतात.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो, कारण हा प्रश्न फोनपेक्षा जुना आहे. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे. पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर किती खर्च करावा याला मर्यादाच नाही. जोवर ही खिडकी उघडी आहे तोवर उमेदवाराच्या हिशेबात काही हजारांचा ‘बूस्ट’, म्हणजे पोस्ट पसरवायला कंपनीला भरलेले पैसे, पकडून कोणाचे समाधान होत असेल तर होवो, माझे होत नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. नाव छापण्याची सक्ती सरकारच्या हातात दिली की ती सरकारला नको असलेल्या माणसावरच चालते. छापील मजकुरावर मुद्रकाचे नाव हवे, हा नियम १८६७ च्या कायद्यात होता, आणि तो कायदा १८५७ नंतर धास्तावलेल्या परकीय राज्यकर्त्यांचा होता. १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याने पुढे देशी भाषांतल्या पत्रांची कशी मुस्कटदाबी केली हेही आपण जाणतो. दिशाभूल करणारा मजकूर कळवल्यापासून तीन तासांत काढून टाका, असे आयोगाने मे २०२४ मध्ये पक्षांना सांगितले, तेव्हा ‘दिशाभूल’ कोणी ठरवायची हा प्रश्न मलाही पडला. म्हणूनच माझी मागणी मजकूर काढण्याची नाही. मजकूर राहू द्या, कडू असला तरी राहू द्या. तो सर्वांना दिसू द्या. आणि बंधन पैशाला घाला, बोलण्याला नको. धरणग्रस्तांच्या प्रश्नावर स्वतःच्या फोनवरून बोलणाऱ्या मुलीला नाव जाहीर करायला कोणी भाग पाडता कामा नये. तिला सत्तेपासून संरक्षण हवे. परंतु ज्याने आपले म्हणणे दुसऱ्याच्या फोनवर पोहोचवण्यासाठी पैसे मोजले, तो बाजारात उतरला आहे, आणि बाजारात दुकानाला पाटी लागते. दुसऱ्याच्या भिंतीवर प्रचार रंगवायचा तर घरमालकाची लेखी परवानगी लागते, हे आपण कधीच अन्याय मानले नाही.

हे करणे अवघडही नाही. १२७-क कलमात पत्रक आणि पोस्टर यांच्यासोबत पैसे देऊन पसरवलेला डिजिटल मजकूर घालावा. ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने अशी डिजिटल नाममुद्रा आणलीच आहे. पैसे घेऊन बोलणाऱ्याने तसे सांगावे, मग माल पंप असो वा उमेदवार. कंपन्यांनी जाहिरातीचा खर्च आणि भाग विधानसभा मतदारसंघापर्यंत उघड करावा. फोन नंबरांच्या याद्या चढवून राजकीय जाहिराती दाखवणे थांबवावे. जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यानेही हेच नियम लावावेत, कारण खेड्यातल्या तरुणाचे पहिले मत पुष्कळदा तिथेच पडते. आणि ज्या जाहिराती एखाद्या गावात दाखवल्या गेल्या, त्यांची मराठीतली यादी प्रचार संपेपर्यंत रोज संध्याकाळी त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, तिथेच, जिथे मतदार यादी लागते आणि ग्रामसभेची सूचना लागते. माझ्या वर्गातल्या फळ्याला एक तास पुरला होता. तास संपल्यावर मुलांनी मला तो पुसू दिला नाही. मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गातली मुले येऊन आपापले रकाने त्यात भरत होती.